सुटलेल्या नखांची वही

नखावर लावलेलं जेल दोन प्रकारांनी बिघडतं. टोकाशी त्याचा टवका उडतो, किंवा मुळाशी ते नखापासून सुटतं. गिऱ्हाइकाला या दोन्हींत फरक वाटत नाही; तिचं नख खराब झालेलं असतं आणि ती चिडलेली असते. काम करणारीला मात्र हा फरक कळलाच पाहिजे. टवका उडाला तर चूक बहुधा कामाच्या शेवटी झालेली असते, मुळाशी सुटलं तर सुरुवातीला. आज मी हे एका दमात सांगते. तेव्हा एवढं शिकायला मला एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा लागला, आणि तेवढ्या काळात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या रंजनाला काम सोडून जावं लागलं. चूक तिची नव्हती. कोणाची होती, ते मी स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवत होते आणि मला ते वाचता येत नव्हतं.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं पार्लर होतं. मालकीण विद्या मॅडम. त्या मुंबईला तीन दिवसांचा कोर्स करून आल्या आणि येताना एक पेटी घेऊन आल्या. पेटीत निळा उजेड देणारा दिवा, जेलच्या डब्या, बारीक फायली आणि एक इंग्रजी पुस्तिका. तोवर आमच्याकडे नखांचं काम म्हणजे कोमट पाण्यात हात बुडवायचे, घासायचे आणि नेलपॉलिश लावून पाठवून द्यायचं. ते नेलपॉलिश भांडी घासली की चार दिवसांत जायचं. जेल तीन आठवडे टिकतं, असं मॅडम म्हणाल्या. "मुंबईत सगळ्या करतात." पुढचे सहा महिने हे वाक्य आम्ही येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवलं.

काम सांगायला सोपं आहे. आधी नखाच्या मुळाशी चढलेली पातळ कातडी मागे सारायची, उरलेली बारीक कात्रीनं काढायची. मग नखाची चकाकी फाईलनं मोडायची, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर काहीच धरत नाही. भिंतीला गिलावा करण्याआधी टोचे मारतात तसं. मग नाकात जाणाऱ्या एका द्रवानं नख पुसून कोरडं करायचं. इथवर झाली तयारी. यानंतर नखाला कशाचाही स्पर्श होता कामा नये. बाईनं स्वतःच्या गालाला बोट लावलं तरी पुन्हा पुसायचं. मग मधासारखं घट्ट जेल ब्रशनं लावायचं, हात दिव्याखाली दोन मिनिटं ठेवायचा, की ते काचेसारखं टणक होतं. असे तीन थर.

माझं नाव क्रांती. वडील अंबडच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असत आणि त्यांच्या घड्या घालणं हे आम्हा मुलांचं काम होतं. मी वाचायला शिकले तीही त्या पत्रकांवरच. पत्रकात चूक नेहमी वरच्या माणसाची असते. बहुतेक वेळा ती असतेही. हे मी आजही मानते.

पार्लरमध्ये लागले त्या दिवशी मॅडमनी विचारलं, "दुसरं काही नाव नाही का गं? लाडाचं?"

"घरी पण क्रांतीच म्हणतात."

"बरं, राहू दे. बाया डोळे मिटून पडलेल्या असतात, आम्ही हळू हाक मारू."

मी आयब्रो चांगल्या करायचे. मॅडमकडे येणाऱ्या निम्म्या बाया त्यासाठीच यायच्या. नखांच्या टेबलावर मॅडमनी मला आणि रंजनाला जोडीनं बसवलं: तयारी रंजनाची, जेल माझं.

रंजना पेठ तालुक्यातली. पंचवटीत मावशीकडे राहायची. तिच्या गावची माणसं भात निघालं की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांत कामाला उतरतात, तशी तीही आठवीपासून आईबरोबर जायची. द्राक्षाचा घड लहान असताना त्यातले जास्तीचे मणी टोकदार कात्रीनं एकेक करून काढावे लागतात, त्याला विरळणी म्हणतात. शेजारच्या मण्याला टोक लागलं तर तो सडतो आणि मुकादम ओरडतो. रंजनानं ते काम पाच हंगाम केलं होतं. तिच्या हातातली कात्री नखाच्या मुळाशी अशी फिरायची, की बाईला कळायचंही नाही. मॅडम मुंबईत तीन दिवसांत जे शिकल्या होत्या, ते तिनं एका दुपारी उचललं.

पहिली तक्रार खैरनारकाकूंची. या मूळ सटाण्याच्या. यजमान कांद्याचे व्यापारी, आता नाशिकला बंगला. आठव्या दिवशी आल्या आणि उजवा अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"हाई काय शे वं पोरी?"

टोकाचा टवका उडाला होता. बाकीची नऊ नखं शाबूत. मी विचारलं, "काकू, घरी काय काम करता?"

"काहीच नाही. दोन बाया आहेत कामाला."

"डबे उघडता का नखानं?"

"नाही म्हटलं ना."

रंजना खाली मान घालून त्यांचं नख बघत होती. तिनं नखाच्या आतल्या बाजूनं काहीतरी टोकरून काढलं आणि टिश्यूवर ठेवलं. लाल पापुद्रा होता. "काकू, कांद्याचं टरफल हाय."

खैरनारकाकू आधी रागावल्या, मग हसल्या. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन महिने बाजार समितीत माल बघायला त्याच जात होत्या. कांदा हातात घ्यायचा आणि अंगठ्याच्या नखानं वरचं टरफल खरवडून आतला रंग बघायचा, ही त्यांची माहेरपासूनची सवय. "बाईमाणूस लिलावात उभी राहते हे कुणाला सांगू नका," असं म्हणून त्यांनीच ते पुढच्या अर्ध्या तासात तिथल्या सगळ्यांना सांगितलं.

यात माझी चूक होती. शेवटचा थर देताना ब्रश नखाच्या टोकावरून खाली वळवून कडही झाकावी लागते, म्हणजे जेल टोकाला टोपीसारखं बसतं. मी वरूनच सारवून मोकळी व्हायचे. पुस्तिकेत हे चित्रासकट होतं. मी अंगठ्याचं नख आखूड केलं, कड झाकली, आणि पुढे त्यांच्या अंगठ्यानं कांद्याचा अख्खा हंगाम काढला. या प्रकरणाचा मला अभिमान वाटला. नको तितका वाटला.

कारण दिवाळीच्या आसपास दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी सुरू झाल्या. मुळाशी सुटणं. हे आधी दिसत नाही. जेलखाली एक पांढुरकी जागा दिसते, मुगाएवढी. मग बाई डोक्यावरून न्हाते आणि तिचे केस नखाच्या मुळाशी अडकायला लागतात. केस अडकतात असं बाईनं म्हटलं, की समजावं जेल सुटलं आहे. तीन आठवड्यांत चार जणी केस अडकतात म्हणत आल्या. त्यात खैरनारकाकूही होत्या. अंगठा शाबूत आणि डाव्या हाताची तीन नखं सुटलेली. एका बँकेतल्या बाईंनी तर कारणही सोबत आणलं होतं.

"ती पेठची मुलगी आहे ना, तिचे हात घामट आहेत. मला तेव्हाच ओलसर लागले. शेतातल्या कामाचे हात ते, त्यांना नाजूक काम कसं जमणार?"

रंजना तिथेच टॉवेलच्या घड्या घालत होती. तिच्या तळव्यांना घाम यायचा हे खरं होतं. म्हणून ती प्रत्येक गिऱ्हाइकाआधी साबणानं हात धुवायची, पुसायची आणि मगच बसायची. हे बँकेच्या बाईंनी पाहिलं नव्हतं. मॅडमनी पुस्तिका उघडली. मुळाशी सुटण्याचं पहिलं कारण: अपुरी तयारी. तयारी कोणाची? रंजनाची. पान मिटलं.

मला हा अन्याय दिसला आणि मी पेटले. वरच्या माणसाची चूक खालच्या माणसावर ढकलली जात होती. जेल कोण विकत आणतं? मॅडम. दिव्याच्या नळ्या किती जुन्या? आल्यापासून त्याच. या नळ्या पेटत राहिल्या तरी काही महिन्यांनी त्यांचा जोर जातो आणि जेल आतून कच्चं राहतं, हे पुस्तिकेतच लिहिलं होतं. त्यात रोजचं भारनियमन, दिवा इन्व्हर्टरवर. मी एका फुलस्केपवर पाच मुद्दे लिहिले आणि सकाळी पार्लर उघडायच्या आधी मोठ्या आरशाला चिकटवले.

मॅडमनी पर्स खाली न ठेवता ते वाचलं. "क्रांती, हे 'व्यवस्थेनं आपली जबाबदारी झटकली आहे' लिहिलंस. व्यवस्था म्हणजे मी का गं?"

"मी व्यक्तीबद्दल लिहिलेलं नाही."

"इथे माझ्याशिवाय दुसरी कोण आहे? आणि 'त्वरित'ची वेलांटी चुकली आहे बहुतेक. असू दे."

चार दिवसांत मॅडमनी नव्या नळ्या आणल्या. जेलची नवी डबी आणली. इन्व्हर्टरवर दिवा लावायचा नाही, वीज येईपर्यंत बाईला चहा पाजायचा, असं ठरवलं. पाचपैकी तीन मागण्या मान्य. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "चांगली मालकीण दिसते. सांभाळून."

आणि जेल सुटतच राहिलं.

तेव्हा मी वही घातली. वडील कामगारांच्या पाहणीसाठी जसे तक्ते आखायचे तसा तक्ता आखला. तारीख, बाईचं नाव, फोन नंबर, कोणत्या डबीतलं जेल, वीज होती की नव्हती, तयारीला किती वेळ दिला. शेवटी एक रकाना मी खास मॅडमसाठी ठेवला: 'मधे उठवलं का?' कारण नखांचं काम चालू असताना आयब्रोचं गिऱ्हाईक आलं की मॅडम मला हाक मारायच्या. "क्रांती, दोन मिनिटं ये, या घाईत आहेत." एका मुलीकडून दोन मुलींचं काम करून घेतलं जातं, हे मला रकान्यात बरोबरच्या खुणा करून सिद्ध करायचं होतं. रंजना बिघाडाला जबाबदार नाही हे एका बाजूला आणि मॅडम आमची पिळवणूक करतात हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच वहीत. आधीच्या दोन महिन्यांची कामंही पावत्या बघून आणि आठवून तिच्यात भरली.

रंजनाला वहीचं कौतुक नव्हतं. "एवढं लिहितीस, त्यापेक्षा नख बघ की."

डिसेंबरच्या सुरुवातीला मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस बघते. अजून एक जरी सुटलेलं आलं तर रंजना नखांवर बसणार नाही. टॉवेल आणि फरशी बघेल. मला बायांना तोंड द्यावं लागतं." रंजनानं मान हलवली. मला जिन्यात म्हणाली, "टॉवेल धुवायला मी नाशकात कशाला राहू? त्यापेक्षा बाग बरी. तिथं निदान कात्री तरी हातात असती."

तिच्या दृष्टीनं एवढंच पणाला लागलं होतं, पण ते सगळंच होतं. तिला हे काम येत होतं, आणि आपल्याला ते येतं हे तिला माहीत होतं.

त्या शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी वही घेऊन बसले. सुटलेल्या सात बाया लाल पेनानं अधोरेखित केल्या. डबी वेगवेगळी. वीज कधी होती, कधी नव्हती. नळ्या जुन्या, नळ्या नव्या. काहीच जुळेना. मग शेवटच्या रकान्यावर नजर गेली. सातही जणींपुढे बरोबरची खूण होती. ज्यांच्या वेळी मी उठले नव्हते, त्यांच्यातली एकही तक्रार घेऊन परत आली नव्हती.

पहिल्यांदा मला आनंद झाला. मॅडम सापडल्या, असं वाटलं. मग मी माझ्या हातांकडे पाहिलं.

आयब्रो करताना कपाळाला आणि भुवईला टाल्कम पावडर लावतात. दोरा घसरू नये म्हणून स्वतःच्या बोटांनाही लावतात. दिवसभर आयब्रो करणाऱ्या मुलीची बोटं पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखी असतात. तिला स्वतःला ते जाणवत नाही. मी उठायचे, आयब्रो करायचे, परत येऊन स्टुलावर बसायचे. तोवर रंजनानं नखं पुसून कोरडी करून ठेवलेली असायची. आणि जेल लावण्याआधी मी प्रत्येक नखावरून अंगठा फिरवायचे. नख नीट खरखरीत झालंय का, ते बघायला. म्हणजे रंजनाचं काम तपासायला. तिच्या स्वच्छ केलेल्या नखावर मी रोज सुगंधी पावडरचा एक थर देत होते आणि त्यावर जेल लावत होते.

मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला पुरावा हवा, असं मी ठरवलं. त्या संध्याकाळी मी माझ्याच डाव्या हाताच्या नखांची तयारी केली. दोन नखांवर पावडरचा अंगठा फिरवला, तीन स्वच्छ ठेवली, पाचांवर तेच जेल, त्याच दिव्याखाली. मग रोजची कामं करत राहिले: भांडी, धुणं, वडिलांच्या शर्टाच्या कॉलरी. गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र मी त्याच दिवसापासून हात धुऊन बसायला लागले. रंजनानं एकदा विचारलं, "आज लयच स्वच्छता?" मी म्हटलं, "थंडी आहे, हात कोरडे पडतात." उत्तराला काही अर्थ नव्हता.

मंगळवारी बँकेतल्या बाईंची भाची आली. तीन नखांत केस अडकत होते. तिचं जेल दहा दिवसांपूर्वीचं होतं, मॅडमनी मुदत दिली त्याच्याही आधीचं. मॅडमनी ते विचारलं नाही. त्यांनी फक्त रंजनाकडे बघून टॉवेलांच्या बादलीकडे हात केला. रंजना उठली. उठताना तिनं माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती, मुलीचं नाव आणि तारीख तिच्यात होती, आणि शेवटच्या रकान्यात खूण होती. मी ड्रॉवर उघडला नाही. पुरावा अजून अर्धा होता, असं मी स्वतःला सांगितलं. मॅडमविरुद्धचे पाच मुद्दे आरशाला चिकटवताना माझ्याकडे पाव पुरावाही नव्हता.

बुधवारी रंजना आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी केस विंचरताना माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत केस अडकले. बरोबर त्याच दोन.

मी मॅडमना सगळं सांगितलं, वही दाखवली, बोटं दाखवली. त्यांनी बराच वेळ बोटं बघितली. "म्हणजे पावडर बदलायची का?"

"नाही मॅडम. पावडर कुठलीही असली तरी हेच होणार. हात धुवायला हवेत. मी धुवत नव्हते."

"बरं झालं कळलं. जाऊन तिला घेऊन ये, म्हणावं मॅडमनी बोलावलंय. आणि हे बघ, गिऱ्हाइकांना यातलं काही सांगायचं नाही. झालं ते झालं. आपली पोरगी नखाला पावडर लावत होती, हे गावभर कशाला?"

रंजनाच्या मावशीनं बागेचा पत्ता दिला. दिंडोरीच्या अलीकडे एसटीतून उतरून चालत गेले. बागेत मांडवाखाली दहा-बारा बाया माना वर करून घडांत कात्र्या चालवत होत्या. रंजनानं मला पाहिलं आणि हातातला घड पूर्ण केला.

"कशाला आलीस?"

मी सांगितलं. पावडर, अंगठा, सातही जणींपुढची खूण. ती पुढच्या घडाकडे सरकली. मीही तिच्याबरोबर सरकत गेले.

"मॅडम मला सारखं मधे उठवायच्या, त्यामुळे..."

"बेसिन किती लांब हाय?"

"कुठलं?"

"पार्लरातलं. तुझ्या स्टुलापासून."

"चार पावलं."

मणी खाली पडत होते. "तुला कळलं कधी?"

कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. "मागच्या शनिवारी."

"आणि मला मंगळवारी उठवलं."

"हो."

पलीकडच्या ओळीतून एका बाईनं विचारलं, "कोण गं ही, रंजे?"

"मैत्रीण."

"मैत्रीण अशी, तर मग वैरीण कशी असंल!" सगळी ओळ हसली. मुकादम लांब होता.

मी म्हटलं, "मॅडमना सांगितलंय मी. त्यांनी बोलावलंय तुला."

"मॅडमला सांगून काय? मॅडमला माझे हात ठाऊक हायत. नावं ठेवली ती बायांनी. त्यांना सांग." तिनं पहिल्यांदा कात्री थांबवली. "वही आणलीस ना? नंबर हायत त्यात. लाव फोन."

"मॅडम नको म्हणाल्यात."

"मग जा. पावणेदोनची गाडी मिळंल."

मी पिशवीतून वही काढली. मांडवाखाली रेंज नव्हती, म्हणून पाण्याच्या टाकीपाशी जावं लागलं. रंजना आली, तिच्यामागून जेवणाच्या सुट्टीतल्या सगळ्या बाया भाकरी हातात घेऊन आल्या. मी फोन स्पीकरवर लावला. पत्रकं मी हजारांनी वाटली होती. त्यांतल्या एकाही पत्रकात 'मी' हा शब्द नव्हता, तो नेहमी 'आम्ही' असायचा. 'मी' म्हणून पहिलं वाक्य जुळवायला मला वेळ लागला.

बँकेतल्या बाईंनी ऐकून घेतलं. "मग आता फुकट करून देणार का?"

"नाही, नुसतं सांगायला फोन केला. रंजनाच्या घामानं झालं नव्हतं. माझ्या हाताला पावडर होती."

"नुसतं सांगायला? बरं." फोन बंद. रंजनाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चौघींनी उचलला नाही. एकीला नखं सुटल्याचं आठवतच नव्हतं. एक म्हणाली, "अगं, मी ती कधीच दातांनी काढून टाकली." बाया भाकरी खाता खाता हसत होत्या. रंजना हसत नव्हती, प्रत्येक फोननंतर वहीतल्या नावावर बोट ठेवून पुढचं नाव दाखवत होती.

शेवटचा खैरनारकाकूंचा. मागे लिलावाचा गलका.

"पटकन बोल पोरी, माल चालू शे."

मी चौथ्यांदा तेच सांगितलं. तोवर वाक्य आखूड झालं होतं: काकू, तुमची नखं माझ्यामुळे सुटली, रंजनामुळे नाही.

"म्हणजे त्या पोरीची काहीच चूक नव्हती?"

"नव्हती."

"आणि तिला काढलं?"

"ती स्वतः गेली. पण हो."

"कुठे आहे ती? दे तिला."

रंजनानं फोन हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि नुसतं "हं" म्हणाली. पलीकडून काकू बोलत राहिल्या. त्यांना पुढच्या आठवड्यात लग्नाला जायचं होतं, नखं सोमवारीच करून हवी होती, आणि तयारी व जेल ही दोन्ही कामं रंजनानंच करायला हवी होती, दुसरी कोणी मधे नको. रंजनानं बागेकडे बघितलं, उरलेल्या ओळी डोळ्यांनी मोजल्या.

"सोमवारी नाय जमणार, काकू. ही बाग बुधवारी संपती. गुरुवारी अकराला या. हाताला तेल लावून येऊ नका."

मग तिनं फोन मला परत दिला आणि भाकरी खायला बसली. मला पावणेदोनची गाडी मिळाली.

मॅडमना फोनची बातमी माझ्याआधी पोचली होती. त्या ओरडल्या नाहीत. "तुझ्या हातात पावडर आहेच," म्हणाल्या, "तर आता तीच वापर." वर्षभर त्यांनी मला आयब्रोच्या खुर्चीवर ठेवलं. मी त्याला शिक्षा म्हणत नाही; त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, असंही म्हणत नाही. रंजना गुरुवारी आली. बसण्याआधी तिनं मॅडमना एकच गोष्ट सांगितली: नखांवर बसलेल्या मुलीला मधे उठवायचं नाही. मॅडम हो म्हणाल्या. माझ्या पाच मुद्द्यांत ही मागणी चौथी होती आणि ती मान्य झाली नव्हती.

नंतर मी पुन्हा नखांवर आले, दुसऱ्या पार्लरमध्ये, आणि आता मुलींना शिकवतेही. पहिल्या दिवशी त्यांना बेसिन दाखवते. कारण विचारलं तर ही हकिकत सांगते, मंगळवारसकट. मंगळवार वगळून सांगायचा मोह दर वेळी होतो.

त्या गुरुवारचं काम मी पाहिलं. माझ्या खुर्चीत आयब्रोसाठी एक कॉलेजची मुलगी डोळे मिटून पडली होती आणि समोर रंजना खैरनारकाकूंच्या नखांत गढली होती. तयारी तिची, जेल तिचं. तीन आठवड्यांनी काकू पुन्हा आल्या. दहाही नखांच्या मुळाशी तांदळाएवढं नवं नख वाढलं होतं आणि त्याच्या पुढे जेल जिथल्या तिथे होतं, एकही कड सुटलेली नाही. रंजनानं त्यांचा हात खिडकीच्या उजेडात धरून बघितला. मग तोच हात माझ्या बाजूला वळवला आणि मला दिसेल इतका वेळ तसाच धरून ठेवला. मी दोरा दातांत धरलेला होता. मी दहाही नखं एकेक करून बघितली.